डोंगरराज्याचं जास्तीचं धान्य

मिस्त्रीला लबाडी जमत नाही, असं त्याला ओळखणारा कुणीही छातीठोकपणे सांगेल, आणि ते खरंच आहे. लबाडी करून वर ती तारखेनिशी लिहून ठेवणाऱ्या माणसाला ती जमते असं कोण म्हणेल?

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची तेहतीस वर्षं गेली. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये खिळ्याला एक वही टांगलेली असते. आलेल्या मिस्त्रीने तिच्यात तारीख घालायची, काय बिघडलं होतं ते लिहायचं, काय केलं ते लिहायचं, का केलं ते लिहायचं आणि सही ठोकायची. यातलं 'का केलं' हे बाकीचे सगळे गाळतात. आमचा मिस्त्री गाळत नाही. त्याच्या उस्तादाने पहिल्याच आठवड्यात त्याचे कान उपटले होते. "तुझ्यानंतर जो येईल त्याला तुझं डोकं कसं चाललं होतं हे कळायला नको का? ब्रेक सैल केलास एवढंच लिहिलंस तर तो पुन्हा घट्ट करेल आणि कुणीतरी मरेल." ते त्याच्या डोक्यात असं बसलं की घरातल्या नळाचा वायसर बदलला तरी कॅलेंडरच्या मागे नोंद व्हायची, कारणासकट.

लग्न त्याने केलं नाही. केलं नाही म्हणजे राहून गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि वडील राहायचे. वडिलांनी शेवटची चार वर्षं अंथरूण धरलं, तेव्हा त्यांचं सगळं त्यानेच केलं. सहा वर्षांपूर्वी ते गेले, आणि त्यांच्याबरोबर धाकटा भाऊही गेल्यासारखाच झाला.

धाकटा औषधं थंड ठेवून नेणारी गाडी चालवतो, लांब पल्ल्याची. वडिलांचं जास्त झालंय असं कळल्यावर त्याने वाटेतून फोन केला होता, आणि मिस्त्री म्हणाला होता, "बरं आहे, सावकाश ये." तो सावकाश आला. जिन्यात लोकांच्या चपलांचा ढीग होता. त्या दिवशी धाकट्याने भावाची गचांडी धरली नाही की शिव्या दिल्या नाहीत. तेरावा दिवस संपल्यावर आपली पिशवी उचलली, बायको-मुलीला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी निघून गेला आणि पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. फोनवर विचारलं तर एकच उत्तर, "आहे बरं." पुढे तेही बंद झालं.

हे असं चार वर्षं चाललं, आणि मग मध्ये आला चष्मेवाला.

चष्मेवाल्याच्या दुकानामागे एक खोली आहे. तिच्यात जुन्या फ्रेमांची खोकी आणि एक कॉम्प्युटर. त्याच्यावर प्राचीन काळातला एक राज्यं चालवायचा खेळ. रथ, भालेवाले, तटबंदी, धान्याची कोठारं. खेळ काढणारी कंपनी कधीच बुडाली, पण चष्मेवाल्याचा जीव त्यात अडकलेला. दर रविवारी सकाळी तो माणसं जमवायचा. लिफ्टच्या कामासाठी वरच्या मजल्यावर येणाऱ्या मिस्त्रीला त्याने पकडलं. कॉम्प्युटरचे सुटे भाग बघायला म्हणून आत आलेल्या मिस्त्रीला खेळापेक्षा खेळाच्या आतली फाईल आवडली. तिच्यात प्रत्येक राज्याचे आकडे साध्या अक्षरांत लिहिलेले होते. पीक किती, सैन्य किती दमाचं, प्रजा किती कुरकुरी. मूळ खेळात नदीराज्य इतकं तगडं होतं की ते ज्याच्या वाट्याला येईल तोच जिंकायचा. मिस्त्रीने दोन महिने बसून सगळी राज्यं एकमेकांच्या तोडीस तोड करून दिली. तेव्हा एकच नियम ठरला. मोहीम सुरू झाल्यावर फाईलला हात लावायचा नाही. हा नियम सुचवला कुणी? मिस्त्रीनेच.

नदीराज्य सिस्टरने घेतलं. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, बोलायला फटकळ आणि खेळायला त्याहून वाईट. बंदरं चष्मेवाल्याने घेतली. डोंगरराज्याला गडी हवा होता. चष्मेवाल्याने आपल्या एका गिऱ्हाइकाला बोलावलं. नंबर वाढला म्हणून चष्मा करायला आलेला ट्रक ड्रायव्हर. दार उघडलं आणि दोन भाऊ एकमेकांसमोर उभे. चष्मेवाल्याला काय ठाऊक? तो आपला हसत हसत ओळख करून देत होता.

धाकटा परत फिरला नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "एक सांगून ठेवतो. माझं राज्य बुडालं की मी मोकळा. मग रविवारी मी घरी झोपणार."

मिस्त्रीने स्वतः राज्य घेतलंच नाही. कॉम्प्युटर भोटमामा आहे, तो बिनधन्याची राज्यं नीट चालवत नाही, म्हणून वाळवंटातल्या टोळ्या आणि इतर किरकोळ राज्यं त्याच्याकडे दिली. पंच म्हणा, राखणदार म्हणा. एक जण खेळत असताना बाकीच्यांनी बाहेर दुकानाच्या पायऱ्यांवर बसायचं, म्हणजे कुणाचा डाव कुणाला दिसत नाही. त्या पायऱ्यांवर, सिस्टरची पाळी चालू असताना, धाकटा चार वर्षांनी भावाशी पहिल्यांदा बोलला. काय बोलला? "सरक थोडा." मिस्त्री सरकला. घरी जाऊन त्या रात्री तो दोन घास जास्त जेवला.

एका रविवारी तीन फेऱ्या व्हायच्या. पाचव्या रविवारी, चौदाव्या फेरीत, सिस्टरचे रथ डोंगराच्या खिंडीशी उभे राहिले. धाकट्याला खेळ नवा होता. त्याने सैन्य वाढवलं होतं आणि पीक विसरला होता. आणखी दोन फेऱ्यांत त्याची राजधानी उपाशी मरून पडणार हे मिस्त्रीला आकड्यांवरून स्वच्छ दिसत होतं. त्या पाळीला तो आत एकटा होता. बाहेरून धाकट्याचा हसण्याचा आवाज येत होता. चष्मेवाल्याने काहीतरी विनोद केला असावा.

त्याने फाईल उघडली आणि डोंगराचं पीक दोनने वाढवलं. मग हात थांबला. नोंद न करता आयुष्यात कुठलाही स्क्रू फिरवणारा तो माणूस नव्हता. ज्या ओळीच्या सुरुवातीला फुली असते ती ओळ खेळ वाचत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने फुली टाकली, तारीख घातली, आणि काय केलं व का केलं ते लिहिलं. मग जरा बरं वाटलं.

पुढे काय, एकदा फिरवलेलं फिरवत राहावं लागतं. डोंगर तगला की नदीचा जोर कमी करावा लागे, नदी आखडली की बंदरं माजत. टोळ्या तर डोंगराच्या शेवटच्या गावाबाहेर वीस फेऱ्या नुसत्या पाणी शोधत हिंडत होत्या. दीड वर्षात तिघांपैकी कुणी जिंकलं नाही आणि कुणी हरलं नाही. "काय अटीतटीची मोहीम आहे!" असं चष्मेवाला गिऱ्हाइकांना सांगायचा. आणि पायऱ्यांवर बोलणं वाढत गेलं. "चहा घेणार?" "गाडीचं काम निघालंय." "पोरगी दहावीला आहे." एका रविवारी धाकट्याने मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. मिस्त्रीला ती ओळखू आली नाही, आणि हे त्याला फार लागलं.

दोनशे अकराव्या फेरीत मिस्त्री आत बसून नोंद लिहीत होता. तेवढ्यात फोन आला. पलीकडच्या गल्लीतल्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक आजोबा आणि त्यांची नात. तो उठला तो तसाच धावत सुटला. पायऱ्यांवरून जाताना नुसतं, "ड्रायव्हर, तुमची पाळी," एवढंच म्हणाला. चारचौघांत तो भावाला ड्रायव्हरच म्हणायचा. फाईल पडद्यावर उघडी राहिली.

आजोबांना बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली. त्यांच्यापेक्षा नातच धीराची निघाली. वर जाऊन मिस्त्रीने मशीनरूमच्या वहीत नोंद केली, हात पुसले आणि परत आला. पायऱ्या रिकाम्या होत्या. मागच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि तिघेही आत, पडद्यासमोर.

पहिली फुटली ती सिस्टर.

"मिस्त्री, माझ्या चाळीस हजार माणसांना तुम्ही हगवण लावलीत?"

सिस्टरचं बोट पडद्यावरच्या नोंदीवर होतं.

"बारा फेऱ्या मी विहिरी खोदत बसले! प्रत्येक शहरात! मला वाटलं माझंच पाण्याकडे लक्ष नव्हतं. नोकरीतली पस्तीस वर्षं आठवली मला, कळलं का? रात्र रात्र झोप नाही! आणि इथे लिहिलंय काय, 'नदीराज्यात रोगराई सोडली. कारण: सैन्य खिंडीत आलं. सिस्टर, माफ करा.' माफ करा काय?"

"माझ्याबद्दल तर वाचा," चष्मेवाला पडलेल्या आवाजात म्हणाला. "'टोळ्या बंदरांकडे वळवल्या. चष्मेवाल्याला वाईट वाटेल, पण दुकान त्याचंच आहे, तो कुठे जातोय.'"

दुसऱ्या कुठल्या दिवशी यावर मिस्त्रीलाही हसू फुटलं असतं. पण खुर्चीत धाकटा बसला होता आणि तो वळून बघत नव्हता. त्याने एक ओळ मोठ्याने वाचली, गाडीवरचा माल उतरवताना पावती वाचावी तशी. "'फेरी चौदा. डोंगर, पीक अधिक दोन. कारण: हा हरला तर पुढच्या रविवारी येणार नाही.'"

पडद्यावरची नजर न काढताच तो म्हणाला,

"पुन्हा तेच केलंस, दादा."

सिस्टरने चष्मेवाल्याकडे बघितलं. हे दोघे भाऊ आहेत हे दीड वर्षात त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"मला काय झेपेल ते तूच ठरवणार," धाकटा म्हणाला. "तेव्हाही तू, आताही तू. मी पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालोय. एक राज्य बुडालं तर मी मरणार होतो का?"

"मरणार नव्हतास. येणार नव्हतास."

"ते माझं मी बघितलं असतं!" तो आता वळला. "सगळे आकडे मागे घे. आत्ता. माझ्यासमोर."

मिस्त्री बसला. मागे घेणं सोपं होतं, कारण प्रत्येक फिरवाफिरव लिहिलेली होती. खालून वर जायचं. धाकटा एकेक नोंद वाचायचा आणि मिस्त्री तो आकडा मूळ जागी आणायचा. "'फेरी एकशे साठ. डोंगरात बंडाळी होऊ दिली नाही. कारण: आज त्याचा मूड बरा आहे.' 'फेरी नव्वद. डोंगर, पीक अधिक एक. कारण: पोरीचा फोटो दाखवला.'" त्या ओळीला वाचणाऱ्याचा आवाज जरा घसरला, पण तो थांबला नाही. अशा अडतीस नोंदी होत्या. मिस्त्रीचे कान तापले होते. चोरी पकडली गेल्याची लाज त्याला वाटत होती, पण त्याहून जास्त आपलं मन असं चारचौघांत मोठ्याने वाचलं जातंय याची. जगात आणखी कुणी वाचेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. मग लिहिलं कुणासाठी, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याला तेव्हा पडला नाही.

शेवटची नोंद पुसल्यावर डोंगरराज्याची कोठारं एका फेरीत रिकामी झाली. धाकट्याने आपली पाळी खेळली. सैन्य अर्धं केलं, रथ मोडून त्यांचं लाकूड तटबंदीला लावलं, होतं नव्हतं ते पणाला लावलं. दीड वर्षात तो बराच शिकला होता. पण गावं तीनच उरली होती, आणि सिस्टरने आपल्या पाळीला त्यातली दोन घेतली. "काय करू? विहिरींचा राग काढायचाच होता," असं म्हणाली खरी, पण तिचाही चेहरा पडला होता.

मग मिस्त्रीची पाळी आली. वीस फेऱ्या पाणी शोधणाऱ्या टोळ्या शेवटच्या गावाबाहेर उभ्या होत्या. नियमाप्रमाणे बाकीच्यांनी बाहेर जायचं होतं. कुणी गेलं नाही.

"खेळ," धाकटा म्हणाला. "नीट खेळ."

टोळ्यांना पुन्हा समुद्राकडे वळवता आलं असतं. कुणाला काही म्हणता आलं नसतं, तो डावाचाच भाग होता. मिस्त्रीचं बोट काही वेळ तसंच राहिलं. मग त्याने टोळ्या गावात घातल्या. डोंगराचा झेंडा नकाशावरून नाहीसा झाला आणि यादीतल्या नावावर आडवी रेघ पडली.

"बुडालं," मिस्त्री म्हणाला.

"बुडालं," धाकटा म्हणाला, आणि त्याने श्वास सोडला. दीड वर्षात तो इतका मोकळा दिसला नव्हता.

सिस्टर उठली. "चला हो, माझ्या चष्म्याची काडी सैल झालीय, घट्ट करून द्या," असं म्हणत तिने चष्मेवाल्याला दंडाला धरूनच पुढच्या दुकानात नेलं. तिच्या चष्म्याला काही झालं नव्हतं.

धाकट्याने गाडीची किल्ली खिशातून काढली, पुन्हा ठेवली.

"बाबांनी मला बोलावलं होतं का?"

सहा वर्षांपूर्वी, तेराव्या दिवशी, त्याने हेच विचारलं होतं. मिस्त्री म्हणाला होता, नाही रे, त्यांना शुद्धच नव्हती. तेच उत्तर आताही ओठावर आलं. तयारच होतं, घासून गुळगुळीत झालेलं.

"बोलावलं होतं," तो म्हणाला. "सोमवारपासून. रोज. बुधवारी संध्याकाळी गेले."

"आणि मंगळवारी मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, सावकाश ये."

"हो."

"का?"

"तू गाडीवर होतास. घाबरून जोरात हाकली असतीस, रस्त्यात काही..."

"ते माहीत आहे मला. ते तू माझ्या बायकोलाही सांगितलंस. खरं काय ते सांग."

मिस्त्रीने हात मांड्यांवर ठेवले. नखांत अजून वंगण होतं.

"चार वर्षं मी त्यांना न्हाऊ घातलं. भरवलं. रात्री-अपरात्री उठलो. आणि शेवटी डोळे उघडले की एकच, धाकटा कुठे आहे? माझं नाव एकदा नाही. मी समोर बसलेलो. मला राग आला होता. त्यांचाही आणि तुझाही. म्हटलं, तू आलास की ते तुझेच होतील. आणखी दोन दिवस तरी माझ्याकडे असू देत."

"दोन दिवस."

"मला वाटलं होतं आठवडाभर तरी राहतील. बुधवारी जातील असं वाटलं नव्हतं. आईशपथ वाटलं नव्हतं."

 धाकटा दाराकडे गेला, दुकानातून बाहेर पडला. मिस्त्रीने त्याला हाक मारली नाही. पुढच्या रविवारी येशील का, असं विचारायची त्याला फार इच्छा होती. पण विचारलं नाही. कॉम्प्युटर बंद केला, दिवा मालवला आणि तोही निघाला.

धाकटा पायऱ्यांशीच उभा होता. गाडी समोर होती, पण तो चढला नव्हता.

"काय म्हणायचे? नेमकं सांग. जसंच्या तसं."

"म्हणायचे," मिस्त्री म्हणाला, "'तो आला की मला उठव. झोप लागली असली तरी उठव.'"

 धाकटा खाली पायरीवर बसला, तोंड दोन्ही हातांत धरून. मिस्त्री त्याच्या शेजारी बसला आणि सोमवारच्या सकाळपासून, काहीही न गाळता, सगळं सांगायला लागला.